मदत हवी आहे : घरच नसलेल्या माणसाने ‘घरी विलगीकरणात’ राहायचं कुठे?

नमस्कार. थोडं लांबतंय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा. उत्तर लवकर हवं आहे.

कोविडची साथ सुरू झाल्यापासून आम्ही सात-आठ शेजारी आमच्या भागात रस्त्यावर राहणाऱ्यांना जेवण पोचवतो. संस्था वगैरे नाही, जमेल तसं करतो. पुलाखाली, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर आणि एका जुन्या बसथांब्यात मिळून चाळीसेक माणसं आहेत. सुरुवातीला वाटलं होतं की दोन वेळचं जेवण मिळालं की बरंचसं निभावेल. आता जेवण उरतं. एकाच संध्याकाळी तीन गट पाकिटं घेऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी कुणीच येत नाही. पण सार्वजनिक संडासांना कुलूप लागलंय, नळ बंद आहेत, आणि वाचनालयं बंद झाल्यापासून फोन चार्ज करायलाही जागा नाही. सगळ्या सूचना फोनवर येतात आणि यांचे फोन बंद पडलेले. एका मावशींनी मला विचारलं, “वीस सेकंद हात धुवा म्हणतात, पण कशाने धुवायचे ते सांगशील का?” मी बाटलीभर पाणी दिलं आणि पुढे गेले. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

आता मुख्य अडचण. पुलाखाली एक आजोबा राहतात, साठीच्या पुढचे. जवळ भंगाराची ढकलगाडी आणि एक कुत्रा. चार दिवसांपूर्वी त्यांना ताप आला, खोकला सुरू झाला. तपासणी केंद्रावर पत्ता आणि मोबाईल नंबर मागितला, आम्ही आमचा दिला. अहवाल पॉझिटिव्ह आला. सल्ला मिळाला, घरी वेगळ्या खोलीत राहा, संडास वेगळा वापरा, काही लागलं तर फोन करा. रुग्णालयाचं म्हणणं, लक्षणं सौम्य आहेत, दाखल करता येणार नाही. रात्रनिवाऱ्याचं म्हणणं, निगेटिव्ह अहवाल असल्याशिवाय आत घेणार नाही. मला दोघांचीही बाजू कळते. पण मधल्यामध्ये हा माणूस पुलाखालीच आहे, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर आणखी नऊ जण झोपतात.

शिवाय आजोबा स्वतःच हलायला तयार नाहीत. आजूबाजूचे काही रहिवासी आता सगळ्यांनाच तिथून हटवा म्हणून अर्ज करणार आहेत. मी काय करू? कुणाकडे, काय मागू? आणि जागा मिळेपर्यंत रोज त्यांच्यासाठी नेमकं काय करायचं? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

मी सार्वजनिक आरोग्यात काम करते. आधी त्या नऊ जणांबद्दल. ताप नाही म्हणून त्यांना सोडू नका. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या एका मोठ्या निवाऱ्यात लक्षणं न बघता सगळ्यांची तपासणी केली. ४०८ पैकी १४७ जण पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे ३६ टक्के. त्या १४७ मध्ये खोकला असणारे ७.५ टक्के आणि ताप असणारे एक टक्कासुद्धा नव्हते. दारात तापमान मोजणारं यंत्र धरून निवारा सुरक्षित होत नाही, हे तेव्हाच कळलं. त्यामुळे फिरतं तपासणी पथक पुलाखाली पाठवा, अशी मागणी आजच करा. दहा जणांना केंद्रावर नेण्यापेक्षा ते सगळ्यांनाच सोपं आहे.

हटवण्याबद्दल सांगायचं तर ही सगळ्यात वाईट गोष्ट होईल. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) साथीत स्पष्ट सांगितलं होतं की प्रत्येकाला स्वतंत्र राहायची सोय देता येत नसेल तर वस्ती उठवू नका. उठवलेली माणसं नाहीशी होत नाहीत, ती पांगतात. जंतू त्यांच्याबरोबर चार ठिकाणी जातो, आणि ज्यांना त्यांचा ठावठिकाणा माहीत असतो त्या लोकांशीही संबंध तुटतो. त्याच सूचनांमध्ये उघड्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला साधारण १२ बाय १२ फूट जागा मिळावी आणि जवळचे संडास, हात धुवायच्या सोयीसह, चोवीस तास उघडे राहावेत असंही होतं. रहिवाशांच्या अर्जाआधी तुमचा अर्ज जाऊ द्या, आणि त्यात संडासाचं कुलूप काढण्याची मागणी सगळ्यात वर लिहा. त्या रहिवाशांनाही त्यावर सही करायला सांगा. त्यांची भीती खोटी नाही, फक्त तिच्यावरचा उपाय दुसरा आहे.

प्रतिसाद

काळजीपोटी लिहितो, राग मानू नका. तुम्ही डॉक्टर नाही. तुमच्या घरीही म्हातारी माणसं असतील. हे सरकारचं काम आहे, तुम्ही इतकी जोखीम घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

धागाकर्ती

राग नाही आला. घरी सासूबाई आहेत, म्हणून मी लांबूनच बोलते, मास्क लावून, उघड्या हवेत. पण रोज कुणीतरी गेलं नाही तर त्यांना श्वास लागलाय हे कळणार कुणाला? फोन करा म्हटलंय खरं, पण त्यांच्याकडे फोन नाही.

प्रतिसाद

मी परिचारिका आहे. रोज जायचं असेल तर एकच माणूस ठरवा, सात जणांनी आळीपाळीने जाऊ नका. कालच्यापेक्षा आज फरक पडलाय का, हे ज्याने काल बघितलंय त्यालाच कळतं. शिवाय तुमच्यापैकी कमी जण संपर्कात येतात.

बोटाला लावायचा, रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा ऑक्सिमीटर घ्या. बोट गार असेल किंवा मळलेलं असेल तर आकडा चुकतो, म्हणून आधी हात पुसून, चोळून गरम करायला सांगा आणि मिनिटभर थांबून वाचा. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, त्यामुळे एका आकड्यावर विसंबू नका. ९४ च्या खाली गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर. ९० च्या खाली, किंवा बोलताना वाक्य पूर्ण होत नाही, ओठ निळसर दिसतात, नीट जाग येत नाही, असं काही असेल तर ताबडतोब रुग्णवाहिका. आणि कुणी सांगितलं म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून देऊ नका. त्यांचा फायदा ज्यांना ऑक्सिजन लागतो अशांना होतो, सौम्य आजारात त्या घातक ठरू शकतात.

आता एक गोष्ट, जी बहुतेक गट विचारायचं विसरतात. आजोबा रोज दारू पितात का? न लाजता, न रागावता विचारा. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला एकदम खोलीत ठेवून दारू तोडली तर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, माणूस दगावूसुद्धा शकतो. विलगीकरणातून लोक ‘पळून जातात’ म्हणतात, त्यातले कित्येक या त्रासानेच बाहेर पडतात. आधी कळलं तर डॉक्टर त्यावर औषध देतात. व्यसन सोडवण्याची ही वेळ नव्हे, जीव सांभाळण्याची आहे. रक्तदाबाची, साखरेची किंवा मनाच्या आजाराची औषधं चालू होती का, आणि ती कधी संपली, हेही विचारा. खोकला साथीच्या आधीपासून, दोन आठवड्यांहून जास्त असेल तर क्षयाची तपासणी करून घ्याच. साथीच्या गडबडीत तो खोकला दुसऱ्याच खात्यावर जमा होतो.

प्रतिसाद

मी तीन वर्षं रस्त्यावर काढली आहेत. आता घर आहे. म्हणून तुमच्या त्या एकाच ओळीबद्दल लिहितो, आजोबा हलायला तयार नाहीत म्हणालात ना, त्याबद्दल.

त्यांच्या जागी मीही हललो नसतो. ती ढकलगाडी म्हणजे त्यांचं कपाट, दुकान आणि बँक आहे. दहा दिवस आत गेलं की परत येईपर्यंत ती कुणीतरी नेलेली असणार. कुत्रा रात्री राखण करतो आणि बोलायला सोबत असतो. निवाऱ्यात कुत्रा चालत नाही. मला एकदा आजारी असताना गाडीत घालून नेलं होतं. परत आलो तेव्हा अंथरूण, कागद, सगळं साफ केलेलं होतं. कागद परत मिळवायला वर्ष गेलं. त्यानंतर गाडी दिसली की मी लांब जायचो, अंगात ताप असला तरी.

म्हणून आधी विचारा, “ढकलगाडी कुठे ठेवली तर तुम्हाला झोप लागेल?” कुलूप लावा, किल्ली त्यांच्याच हातात द्या. कुत्र्याला कोण सांभाळणार ते त्या माणसाला समोर उभं करून दाखवा. किती दिवस, कुठे, बाहेर पडता येईल का, हे खरंखरं सांगा. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. आणि कृपा करून जेवण देताना फोटो काढू नका. आजारी माणसाचा तर नाहीच नाही. बायका असतील तर त्यांना वेगळं, बाईनेच विचारायला हवं. निवाऱ्यापेक्षा रस्ता बरा असं एखादी म्हणाली तर त्यामागे कारण असतं.

जेवण तीन गट आणतात म्हणालात. त्या तीन गटांना एकत्र बसवून वार वाटून घ्या. एकाने पाणी आणि साबण घ्यावं, एकाने फोन चार्ज करून द्यावेत. मला त्या काळात भुकेपेक्षा जास्त त्रास संडासाचा झाला.

प्रतिसाद

हात धुवायला नळ नसेल तर टिपी-टॅप करा. दोन काठ्या रोवून आडव्या काठीला पाण्याचा कॅन टांगायचा, झाकणाजवळ भोक, आणि दोरीने खाली पायाने दाबायची काठी. पाय दाबला की कॅन कलतो, हात कुठेच लागत नाही. साबण दोरीला बांधा. सॅनिटायझरपेक्षा मळलेल्या हाताला हेच चांगलं, आणि कुणी चुकून पिण्याचाही धोका नाही. रोज पाणी कोण भरणार हे मात्र आधी ठरवा, नाहीतर चौथ्या दिवशी नुसत्या काठ्या उरतात.

प्रतिसाद

मागणी कशी करायची त्यावर. मी स्थानिक प्रशासनात बरीच वर्षं काम केलंय. ‘मदत करा’ असा अर्ज फिरत राहतो. ‘लक्षणं सौम्य असलेल्या, घर नसलेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र संडास असलेल्या इतक्या खोल्या, इतक्या तारखेपर्यंत’ असा अर्ज कुणाच्या तरी टेबलावर थांबतो, आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. साथीत रिकामी पडलेली हॉटेलं, वसतिगृहं, शाळा यांची यादी तुम्हीच जोडा. जागेचं नाव दिलं की नकार द्यायलाही कारण शोधावं लागतं.

हे कुठेच झालेलं नाही असं कुणी म्हणालं तर उदाहरणं द्या. इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये सरकारने स्थानिक परिषदांना उघड्यावर झोपणाऱ्या सगळ्यांना छताखाली आणायला सांगितलं, बहुतेकांना हॉटेलच्या खोल्या मिळाल्या. जानेवारी २०२१ पर्यंत सुमारे ३७ हजार लोकांना त्याचा आधार मिळाला. पहिल्या लाटेवरच्या एका अभ्यासाचा अंदाज असा की या आणि इतर खबरदारीच्या उपायांनी बेघर लोकांमधले २६६ मृत्यू आणि हजाराहून जास्त वेळा रुग्णालयात दाखल होणं टळलं. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२० मध्ये १५ हजार खोल्यांचं लक्ष्य ठेवून अशीच योजना सुरू केली. अधिकाऱ्यांना दयेपेक्षा हा हिशोब लवकर पटतो, हा माझा अनुभव आहे. रुग्ण वेळेत खोलीत गेला तर पुढे रुग्णालयातल्या खाटा वाचतात.

ओळखपत्र नाही म्हणून अडवलं तर तेही लेखी मागा. भारतात मे २०२१ मध्ये ओळखपत्र नसलेल्यांना लस देण्याची वेगळी कार्यपद्धती काढली गेली, त्यात रस्त्यावर भीक मागणाऱ्यांचाही उल्लेख होता. म्हणजे कागदाशिवाय काम होऊ शकतं, फक्त ते कुणीतरी ठरवावं लागतं.

तुमच्याकडे चाळीस जणांची नावं असतील तर ती अर्जाला जोडू नका. प्रत्येकाला विचारून, तो हो म्हणाला तरच नाव द्या. उठवायला येणाऱ्यांच्या हातीही तीच यादी पडू शकते.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. चार दिवसांनी लिहिते आहे.

फिरतं पथक आलं, नऊपैकी चार जण पॉझिटिव्ह निघाले. चौघांनाही काहीच होत नव्हतं. अर्जावर सहा रहिवाशांनी सह्या केल्या, त्यातले दोघं हटवण्याच्या अर्जावरही होते. संडासाचं कुलूप निघालं आहे, पण फक्त दिवसा. रात्रीसाठी परत अर्ज दिलाय. टिपी-टॅप दोन ठिकाणी लावले, पाणी भरायचं काम त्या मावशींनी स्वतःहून घेतलं.

एका बंद वसतिगृहात पाच खोल्या मिळाल्या. आजोबांना मी गाडीबद्दल विचारलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. गाडी आमच्या इमारतीच्या आवारात आहे, साखळी लावून, किल्ली त्यांच्या गळ्यात. कुत्रा समोरच्या दादांकडे आहे, आणि ते रोज संध्याकाळी त्याला वसतिगृहाच्या खिडकीखाली घेऊन जातात. दारू रोज घेत होते. आधी सांगितल्यामुळे डॉक्टरांनी औषध सुरू केलं, दोन रात्री त्रास झाला, पण झटके आले नाहीत. ऑक्सिजन ९५-९६ आहे.

आता दुसरी काळजी. विलगीकरण संपायला सहाच दिवस राहिलेत आणि त्यानंतर खोली सोडायची आहे. निवारा म्हणतो, निगेटिव्ह अहवाल आणा, पण डॉक्टर म्हणतात की बरं झाल्यावरही तपासणी बरेच दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून ते पुन्हा करणार नाहीत. या दोघांमध्ये मार्ग काढून कुणाला खोलीतून थेट निवाऱ्यात किंवा भाड्याच्या जागेत पोचवता आलंय का? डॉक्टरांचं कुठल्या प्रकारचं पत्र चाललं, ते कुणी सांगाल का?