बटणाच्या हँडब्रेकचा मालकाला उपयोग काय?

प्रश्न (सातारा):
मागचे ब्रेक पॅड झिजले म्हणून गाडी गोडोलीतल्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. चाक काढलं, कॅलिपर (पॅड दाबून धरणारा भाग) सोडला, पण त्यातला पिस्टन मागे जाईना. बटणाच्या हँडब्रेकची मोटर तिथेच असते, आधी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) लावून ती मागे घ्यावी लागते म्हणे. तासाभराच्या कामासाठी गाडी दोन दिवस अडकली. जुन्या गाडीची केबल ढिली पडली की बाबा अंगणातच पाना घेऊन आवळायचे. मला खरंच राग आलाय.

उत्तर (सांगली):
दादा, पिस्टन जोर लावून दाबू देऊ नका, आतले गिअर तुटतात. काही गाड्यांत बटण-पेडलनेच सर्व्हिस मोड लागतो, म्हणजे स्कॅनरशिवाय मोटर मागे जाते. मॅन्युअल बघा.

उत्तर (वाई):
आमचं दुखणं डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. बीएस-६ (नव्या धूर-नियमांची) डिझेल गाडी, रोज घर ते शेत पाच किलोमीटर. एवढ्यात फिल्टर तापतच नाही, काजळी साठते, दिवा लागतो. मग फिल्टर तापून काजळी जळावी म्हणून डिझेल जाळत उगाच हायवेला चक्कर. धूर कमी झाला हे चांगलंच, पण विकताना हे कुणी सांगितलं नाही.

प्रश्नकर्ता:
मॅन्युअल बघतो. एक मात्र कबूल, या हँडब्रेकमुळे यवतेश्वर घाटात चढावर थांबलो तर गाडी मागे सरकत नाही. आई आता दाराचं हँडल घट्ट धरून बसत नाही.