पोक, थकवा आणि उतारवय: पाठ ताठ केल्याने नेमके काय सुधारते?

तिन्हीसांज (धागाकर्ती)

माझे वय 47 असून गेली 22 वर्षे मी संगणकासमोर बसून हिशेब तपासण्याचे काम करते. दीड वर्षापासून दुपार उलटली की मान आणि उजवा खांदा भरून येतो आणि संध्याकाळी संगणक बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटे खुर्चीतून उठायला मन घेत नाही. तास मोजले तर झोप पुरेशी होते, पण सकाळी झोप झाल्यासारखे वाटत नाही. ज्या कामात माझा हातखंडा होता त्यात स्वतःची चूक सापडली तरी आताशा काहीच वाटत नाही, आणि ही गोष्ट मला मानदुखीपेक्षा अधिक अस्वस्थ करते.

तीन महिन्यांपूर्वी कार्यालयात आरोग्य तपासणी झाली, तेव्हा माझे बाजूने छायाचित्र काढून त्यावर लाल रेषा आखण्यात आल्या. कान खांद्याच्या बराच पुढे आहे, आताच सुधारणा केली नाही तर साठीत कुबड येईल, असे सांगून खांदे मागे खेचणारा पट्टा वापरण्याचा सल्ला मिळाला. तो पट्टा मी सहा आठवडे नेटाने वापरला; काखेत वळ उठले, दुखणे मात्र जागच्या जागी आहे. कुबडाच्या भीतीला कारण असे की माझ्या 74 वर्षांच्या आईची पाठ गेल्या काही वर्षांत चांगलीच वाकली आहे. वरच्या फळीवर काय आहे हे पाहायचे असेल तर तिला कशाला तरी धरून सगळे अंग मागे न्यावे लागते.

बसण्याची ढब, कामाचा हा शीण आणि उतारवयातले वाकणे या एकाच साखळीच्या कड्या आहेत का, आणि असल्यास पाठ ताठ करण्यापासून सुरुवात करणे शास्त्राला धरून आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे. अनुभवांबरोबर संशोधनाबद्दलही कोणी लिहिले तर फार बरे होईल.

मणकेदुरुस्त

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि पंधरा वर्षांपूर्वी मीही अशाच लाल रेषा आखत असे, हे आधी कबूल करतो. रेषा आखल्या की रुग्णाला आपले दुखणे डोळ्यांना दिसते आणि दिसले की पटते. पण पटणे आणि खरे असणे यांत अंतर असते. बसण्याची एकच ‘योग्य’ ढब पाठदुखी टाळते याला भक्कम पुरावा नाही, अशी भूमिका ‘जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक अँड स्पोर्ट्स फिजिकल थेरपी’ या नियतकालिकात 2019 मध्ये या क्षेत्रातल्याच संशोधकांनी मांडली. ऑस्ट्रेलियात 17 वर्षांच्या मुलामुलींची बसलेली छायाचित्रे घेऊन त्यांचे ढबीनुसार गट पाडण्यात आले आणि वयाच्या 22 व्या वर्षी त्यांची पुन्हा विचारपूस झाली. त्यात पोक काढून बसणाऱ्यांना सतत राहणारी मानदुखी ताठ बसणाऱ्यांपेक्षा जास्त झाल्याचे आढळले नाही.

मोबाइल पाहताना 60 अंशांत वाकलेल्या मानेवर सुमारे 27 किलोंचा भार येतो, हा आकडा आपण सर्वांनी कधी ना कधी वाचला असेल. तो 2014 च्या एका लेखातला असून संगणकीय प्रारूपावरून काढलेला आहे आणि त्या लेखात कोणाचेही दुखणे मोजलेले नव्हते. याउलट 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकाच्या कमरेच्या दोन मणक्यांमधल्या चकतीत प्रत्यक्ष दाबमापक बसवला होता, आणि खुर्चीत सैलावून रेलल्यावर तिथला दाब उभे राहण्यापेक्षा कमी भरला. अर्थात हा स्वयंसेवक एकच होता, त्यामुळे त्यावरूनही मोठा सिद्धान्त काढू नये. (एका माणसाच्या चकतीवर इतकी वर्षे वाद घालणारे आमच्यासारखे दुसरे लोक नसतील.)

मग मान भरून का येते? स्नायू हलक्या ताकदीने पण न थांबता ताणलेला राहिला की तो थकतो आणि दुखू लागतो. ताठ बसणारा माणूसही तीन तास हललाच नाही तर त्याचे हेच होते. म्हणून माझा भर ढबीपेक्षा ढब बदलण्यावर आणि स्नायूंची ताकद वाढवण्यावर असतो. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या 198 कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट करण्यात आले. एका गटाने आठवड्यातून पाच दिवस रोज 12 मिनिटे, दुसऱ्याने रोज फक्त 2 मिनिटे रबरी नळीने व्यायाम केला आणि तिसऱ्याला केवळ आरोग्यविषयक माहिती मिळत राहिली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत दहा आठवड्यांनंतर तिसऱ्या गटाच्या तुलनेत 12 मिनिटांच्या गटाचे दुखणे 0 ते 10 च्या मापावर सुमारे 1.9 ने आणि 2 मिनिटांच्या गटाचे 1.4 ने उतरले. व्यायाम अगदी साधा होता: नळी पायाखाली धरायची आणि हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे, दमेपर्यंत. सुरुवात करायचीच असेल तर इथून करा. पट्टा खुशाल कपाटात ठेवा, कारण जे काम स्नायूंनी करायचे ते पट्ट्याने केल्यावर स्नायूंची ताकद वाढणार कुठून? जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी 2023 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही कमरेचे पट्टे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असे म्हटले आहे. तुमचा पट्टा खांद्याचा आहे, त्यामुळे ती सूचना त्याला जशीच्या तशी लागू होत नाही. तर्क मात्र तोच.

आकडेमोड

मणकेदुरुस्त यांच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण धागाकर्तीच्या प्रश्नातला वजनदार भाग मला मानेचा वाटत नाही. चूक सापडली तरी काही वाटत नाही, या वाक्यापाशी मी थांबलो.

‘बर्नआउट’ हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 च्या एका लेखातून चर्चेत आणला, आणि 1981 मध्ये क्रिस्टिना मॅस्लाक व सुसान जॅक्सन यांनी तो मोजण्यासाठी 22 विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची तीन अंगे दिली आहेत: शक्ती आटून जाणे, कामापासून मन दुरावणे किंवा त्याबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. हे वर्गीकरण बर्नआउटला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट हाताळल्या न गेलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे कारणाचा पत्ता माणसाच्या शरीराऐवजी कामाच्या रचनेत शोधावा लागतो.

मोजमापाचा गोंधळही सांगायला हवा. डॉक्टरांमधील बर्नआउटवरच्या 182 अभ्यासांचा आढावा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे प्रमाण कुठे 0 तर कुठे 80.5 टक्के निघाले, कारण ‘बर्नआउट म्हणजे काय’ याच्या किमान 142 वेगवेगळ्या व्याख्या वापरल्या गेल्या होत्या. त्यामुळे ‘इतके टक्के कर्मचारी होरपळलेले आहेत’ अशी ठळक बातमी दिसली की आधी व्याख्या शोधावी.

तुमच्या साखळीपैकी एका कडीला मात्र बऱ्यापैकी पुरावा आहे. बर्नआउटच्या परिणामांवरील दीर्घकालीन अभ्यासांचा जो आढावा 2017 मध्ये आला, त्यात पुढे उद्भवणाऱ्या त्रासांमध्ये हृदयविकार, मधुमेह आणि झोपेच्या तक्रारींबरोबर स्नायू-सांध्यांचे दुखणेही आहे. म्हणजे मान दुखते म्हणून शीण येतो, इतकाच तो संबंध नाही; शीण आधी आणि मान मागाहून, असाही क्रम असू शकतो.

उपायांबाबत निष्कर्ष काहीसे कडू आहेत. ब्रिटनमधील 233 संस्थांतील 46,336 कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारित अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. ताण-व्यवस्थापनाची शिबिरे, ध्यानाची ॲप आणि मनाची लवचिकता वाढवणारे वर्ग यांत भाग घेतलेले कर्मचारी भाग न घेतलेल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत असल्याचे त्यात दिसले नाही. अपवाद काय तो स्वयंसेवी कामाचा. ही एका वेळची पाहणी होती, म्हणून तिच्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरी डॉक्टरांवरील नियंत्रित चाचण्यांच्या 2017 च्या एकत्रित विश्लेषणातही हाच कल दिसतो: व्यक्तीला शिकवण्यापेक्षा पाळ्या, कामाचा बोजा आणि कामाची पद्धत बदलणारे उपाय अधिक परिणामकारक ठरले. तुमच्या कार्यालयाने तुमचे छायाचित्र काढले, पण तुमच्या कामाचे तास आणि मुदती कोणी मोजल्या का?

एक सावधगिरी. झोपूनही न जाणारा थकवा आणि कशातच काही न वाटणे ही लक्षणे रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, झोपेत श्वास अडखळणे आणि नैराश्य यांतही दिसतात. त्यावर ‘बर्नआउट’ अशी चिठ्ठी चिकटवण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, ही विनंती.

उंबरठा

मी निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. संशोधनात मला गती नाही, पण माझ्या अखेरच्या नोकरीत पाठदुखीवर नवी खुर्ची मिळाली, मग पायाखाली पाट मिळाला, मग पडदा उंच करण्याची घडवंची मिळाली, आणि दोन माणसांचे काम मात्र माझ्या एकट्याकडेच राहिले. खुर्ची उत्तम होती. मी तिच्यात बसून अधिक आरामात थकत असे.

आकडेमोड

उंबरठा यांचे शेवटचे वाक्य आमच्या क्षेत्रातल्या अनेक अहवालांपेक्षा नेमके आहे. त्यावरून फिनलंडमधला एक अभ्यास आठवला. तिथल्या पालिकांत काम करणाऱ्या 44 ते 58 वयाच्या 5,971 लोकांना 1981 मध्ये त्यांच्या कार्यक्षमतेबद्दल विचारण्यात आले आणि 2009 पर्यंत, म्हणजे 28 वर्षे, त्यांचा मागोवा घेतला गेला. पन्नाशीच्या आसपास ज्यांची कार्यक्षमता खालावलेली होती, त्यांच्यात पुढे मृत्यूचे प्रमाण आणि दैनंदिन व्यवहारांतले परावलंबित्व अधिक आढळले. कार्यक्षमता मोजणाऱ्या त्या प्रश्नावलीचा पहिला प्रश्न असा आहे: आयुष्यात तुमची काम करण्याची क्षमता सर्वोत्तम होती तेव्हाचे 10 गुण धरले, तर आज किती गुण द्याल? उतारवयाची तयारी नोकरीत असतानाच होत असते किंवा बिघडत असते, इतके तरी यावरून म्हणता येईल.

तिन्हीसांज

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रश्नाला मी स्वतःला 5 गुण दिले, आणि ते देताना फार विचार करावा लागला नाही. तास कोणी मोजले का, याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दोन सहकारी सोडून गेल्यानंतर त्यांची कामे ‘तात्पुरती’ म्हणून माझ्याकडे आली, त्याला आता वीस महिने झाले. माझा त्रास दीड वर्षाचा आहे, हा हिशेब मी, हिशेब तपासणारी बाई, आज प्रथमच मांडला.

आईबद्दलचा प्रश्न मात्र अजून उरतो. तिची पाठ अशी वाकण्याचे कारण काय, आणि माझीही तशीच वाकेल का?

मणकेदुरुस्त

आईंची पाठ वाकणे आणि तुमचे खुर्चीत पोक काढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दिसायला सारख्या असल्याने त्यांची गल्लत होते. तुम्ही ठरवले तर आत्ता ताठ होऊ शकता. उतारवयातला बाक बराचसा ताठरलेला असतो, आणि त्यामागे हाडांच्या ठिसूळपणामुळे मणके दबून झालेले अस्थिभंग, झिजलेल्या चकत्या आणि पाठ सरळ ठेवणाऱ्या स्नायूंचा अशक्तपणा यांपैकी एक किंवा अनेक कारणे असतात. तरुण वयात पाठीच्या वरच्या भागाचा बाक साधारण 20 ते 40 अंश असतो आणि वयाबरोबर तो वाढतो.

हा बाक केवळ दिसण्यापुरता नसतो. कॅलिफोर्नियातील वयस्कांच्या एका पाहणीत त्यांना टेबलावर उताणे झोपवून, मान मागे न ताणता डोके सरळ राहावे म्हणून त्याखाली 1.7 सेंटिमीटर जाडीचे किती ठोकळे ठेवावे लागतात हे मोजले गेले. ज्यांना एक तरी ठोकळा लागला त्यांच्यात पुढील वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक होते. व्यायामाने बाक थोडा कमी होतो, हेही चाचणीतून दिसले आहे. साठीपुढच्या 99 जणांवरील चाचणीत सहा महिने, आठवड्यातून तीनदा, पाठीच्या स्नायूंचे व्यायाम घेतल्यावर क्ष-किरणात बाक सुमारे 3 अंशांनी कमी भरला. लोकांना आपल्या दिसण्याबद्दल बरे वाटू लागले, पण चालणे-उठण्याच्या चाचण्यांत फरक पडला नाही. अपेक्षा तेवढीच ठेवावी.

आता तातडीचे. आईंना पायाचे अंगठे धरण्यासारखे पुढे वाकण्याचे व्यायाम कोणी सांगितले असतील तर सध्या थांबवा. हाडे ठिसूळ झालेल्या 59 स्त्रियांवरील 1984 च्या एका अभ्यासात पाठ मागे नेण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 16 टक्के, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 89 टक्के स्त्रियांच्या मणक्यांत नवे अस्थिभंग दिसले. अभ्यास लहान आणि जुना आहे, पण इतक्या मोठ्या फरकाकडे मी तरी दुर्लक्ष करणार नाही. त्यांची आजची उंची मोजा आणि तरुणपणीच्या एखाद्या नोंदीशी ताडून पाहा. चार सेंटिमीटरपेक्षा जास्त घट असेल तर मणक्याचे क्ष-किरण छायाचित्र आणि हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी; ठिसूळपणा आढळल्यास त्यावर औषधे आहेत.

तुमच्याबाबत बोलायचे तर आईंना मणक्याचा अस्थिभंग झाला असल्यास तुमचा धोका काहीसा वाढतो, आणि रजोनिवृत्ती जवळ आल्याने ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालणे योग्य. लाल रेषांशी याचा काही संबंध नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम आणि 150 ते 300 मिनिटे मध्यम वेगाची हालचाल, ही जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस तुम्हाला पुरेशी आहे. आईंच्या वयात आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत.

तिन्हीसांज

काल आईला दाराच्या चौकटीशी उभे करून पेन्सिलीने खूण केली. तिच्या तरुणपणीच्या एका वैद्यकीय दाखल्यात उंची 154 सेंटिमीटर लिहिलेली आहे. काल ती 148 भरली. तिला आधी पटेना, म्हणून पुन्हा मोजायला लावले, आणि दुसरी खूण पहिलीवरच आली. गुरुवारी आम्हा दोघींचीही तपासणी ठरली आहे. वीस महिन्यांचा हिशेब मी एका पानावर मांडून वरिष्ठांना पाठवला आहे. उत्तर आल्यावर इथे कळवीन.