हक्कसोडपत्रावर सही नाकारणारी बहीण स्वार्थी का?

सांगलीकरीण:
वडिलांचं वर्षश्राद्ध होतं न होतं तोच भावाचा फोन येतो, "वारस नोंद करायचीय, आधार कार्ड घेऊन ये." गेल्यावर कळतं, गाडी तलाठ्याकडे नाही, दस्त नोंदवायला दुय्यम निबंधकाकडे चाललीय आणि कागद हक्कसोडपत्राचा आहे, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा सोडून दिल्याचा. हे इतकं सर्रास चालतं की याला कुणी फसवणूकही म्हणत नाही. माझं मत: सोडायचं नसेल तर "सही करणार नाही" एवढंच म्हणावं. कारणं देऊ नयेत. कारण दिलं की घासाघीस सुरू. "आम्हाला गरज आहे" म्हटलं की दाजींचा पगार निघतो.

बांधावरचा:
ताई, अडीच एकरात पाच हिस्से पाडले तर औत वळायला जागा राहत नाही. आई आमच्याकडे, तिचा दवाखाना आमच्याकडे. बहिणीच्या लग्नाचं कर्ज आम्ही फेडलं. मग हिस्सा मागणारीनं भाऊबीजेला यायचं कुठल्या तोंडानं?

तारीख पे तारीख:
दादा, लग्नात खर्च केला म्हणून हिस्सा संपत नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, फक्त तोवर लग्न झालेल्या वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट उरली नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हा हक्क जन्मानं आहे, २००५ ला वडील हयात नसले तरी. (स्वकष्टाच्या जमिनीचं मृत्युपत्र केलं असेल तर गोष्ट वेगळी.) आणि नुसत्या वारस नोंदीला हक्कसोड लागत नाही. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मात्र रद्द करून घेताना वर्षं जातात.

जुनी माहेरवाशीण:
मी सही केली आणि समजून केली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं भावजयीनं केलं. मला शेत नको होतं, चार दिवस हक्कानं जाऊन राहायला घर हवं होतं. ती माझी गरज नव्हती का? तुमच्या हिशेबात माझ्यासारख्या सगळ्या बावळट ठरतात.

सांगलीकरीण:
नाही हो मावशी. तुम्ही ठरवलंत, तुम्हाला कुणी काय बोलायचं? पण सही केली तरच घराचं दार उघडं, असं असेल तर ते हक्कानं राहणं कसलं? बांधावरचे दादा, आईचं करण्याचा मुद्दा मला पटतो. त्याचा जास्त हिस्सा मागा, पण तोंडावर मागा.

बांधावरचा:
जास्त म्हणजे किती? ठरवणार कोण?

सांगलीकरीण:
पाचही भावंडं, एकत्र बसून.

बांधावरचा:
बसू. पण त्या बैठकीला दाजी नकोत.

जुनी माहेरवाशीण:
मग भावजयाही नकोत. सगळं त्याच करतात, तेव्हा हे त्यांना तूच सांग बाबा.