कुंडीत लेट्यूस उगवत नाही आणि कोथिंबीर लगेच फुलावर येते : नेमके काय चुकत असावे?

प्रश्न : सज्जातली बाग

गेले तीन महिने मी सज्जात सॅलडसाठी पालेभाज्या आणि काही सुगंधी वनस्पती लावण्याचा प्रयत्न करीत आहे. सज्जाला सकाळी साधारण पाच तास थेट ऊन मिळते. त्यानंतर भिंतीची सावली येते, पण भिंत तापलेली असल्याने हवा संध्याकाळपर्यंत गरमच राहते. सुमारे २० सेंटिमीटर खोलीच्या एका लांबट पेटीत मी लेट्यूस, कोथिंबीर, पुदिना आणि रोझमेरी एकत्र लावली. माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घेतले आणि रोज सकाळी न चुकता पाणी घातले.

लेट्यूसचे बी दोन वेळा पेरूनही एकसुद्धा रोप वर आले नाही. तिसऱ्या वेळी पाच-सहा रोपे आली, परंतु आठवड्याच्या आत त्यांची खोडे मातीलगत दोऱ्यासारखी बारीक झाली आणि एका रात्रीत सगळी आडवी पडली. कोथिंबीर जेमतेम वीतभर वाढली आणि लगेच फुलावर आली. रोझमेरी खालच्या बाजूने तपकिरी पडत चालली आहे. पुदिना मात्र असा फोफावला आहे, की उरलेली पेटी त्यानेच व्यापली आहे. खत कमी पडते आहे, की बियाणेच निकृष्ट आहे, हे कळत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : वाफसा

तुमच्या वर्णनावरून खत कमी पडत असावे असे वाटत नाही. उलट बियांसाठी ते जास्तच झाले आहे. बियाण्याला दोष देण्यापूर्वी पेरणीची खोली आणि त्या वेळची उष्णता तपासून पाहावी.

लेट्यूसचे बी अगदी हलके असते आणि त्याच्या अनेक जातींना उगवण्यासाठी उजेड लागतो. त्यामुळे कोथिंबिरीसारखे ते सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खोल पुरले, तर ते तसेच पडून राहते किंवा कोंब फुटला तरी मातीच्या वर येण्याआधीच त्याची ताकद संपते. ओलसर मातीवर बी टाकून बोटाने हलकेच दाबावे आणि वरून चाळलेल्या कोकोपीटची इतकी पातळ भुरभुर करावी, की काही बिया उघड्या दिसत राहतील.

उष्णतेची बाब याहून महत्त्वाची आहे. लेट्यूस १५ ते २० अंश सेल्सिअसला उत्तम उगवते. ३० अंशांच्या पुढे मात्र त्याच्या बऱ्याच जातींचे बी ओलावा मिळूनही झोपी जाते, आणि आपण ते मेले असे समजून टाकून देतो. हवा गरम असेल, तर बी ओल्या कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे, संध्याकाळी पेरावे आणि कोंब दिसेपर्यंत कुंडी सावलीत ठेवावी. कोंब दिसल्यावर त्याच दिवशी ती उजेडात आणावी, नाहीतर रोपे उजेडाच्या शोधात लांबुडकी आणि लुळी होतात.

कोथिंबिरीचे फुलणे हेही उष्णतेचेच लक्षण आहे. गरम हवा, मोठा दिवस आणि मुळांना बसलेला धक्का या तिन्हींनी ती घाईने फुलावर येते. तिचे मूळ सोटमूळ असल्याने रोप एका जागेवरून काढून दुसरीकडे लावणे तिला मानवत नाही. जिथे वाढवायची तिथेच पेरावी. एक गोल धणा म्हणजे जोडलेली दोन बीजे असतात. लाटण्याने हलके दाबून ती सुटी करावीत, रात्रभर भिजवावीत आणि सेंटिमीटरभर खोल पेरावीत. उगवायला एक ते दोन आठवडे लागतात. मी एकाच वेळी भरपूर पेरण्याचे कधीच सोडून दिले; दर दोन-तीन आठवड्यांनी एक लहान कुंडी पेरतो, म्हणजे एक फुलावर येते तेव्हा दुसरी खुडायला तयार असते.

प्रतिसाद २ : हिरवा कोपरा

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. पुदिना आणि रोझमेरी एका पेटीत सुखाने नांदणार नाहीत. पुदिन्याला सतत ओल हवी असते आणि त्याचे धुमारे मातीखालून धावतात, तर रोझमेरी आणि थाइम या कोरड्या, खडकाळ उतारांवरच्या वनस्पती असल्याने ओल्या पायांनी कुजतात. पुदिना स्वतंत्र कुंडीत न्यावा. त्याचे बी शोधण्याची गरज नाही, काडी पाण्यात ठेवली तरी आठवडा-दीड आठवड्यात मुळे फुटतात. रोझमेरीसाठी मातीत एक तृतीयांश जाड वाळू किंवा पर्लाइट (खनिजाचे पांढरे, हलके दाणे) मिसळावे आणि कुंडीच्या तळाशी दोन बोटे खडीचा थर द्यावा, म्हणजे पाण्याचा निचरा चांगला होईल.

प्रतिसाद ३ : मातीचा माणूस

पुदिना आणि रोझमेरीबद्दल वर जे लिहिले आहे ते योग्यच आहे; खडीच्या थराबद्दल मात्र नम्रपणे मतभेद नोंदवतो, कारण हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि त्याने नुकसानच होते. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते सीमेवरच अडून राहते. प्रत्येक कुंडीच्या तळाशी असा एक चिंब थर असतोच, खडी घातल्याने तो नाहीसा न होता तेवढा वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. भांडी घासण्याचा लांबट स्पंज भिजवून आडवा धरावा आणि ठिबकणे थांबले की उभा करावा. त्यातून पुन्हा पाणी गळू लागते. कुंडीचेही तसेच आहे. मातीची उंची जितकी जास्त, तितका निचरा चांगला, आणि खडी नेमकी तीच उंची कमी करते. तळाची भोके मोकळी असावीत आणि माती बाहेर येऊ नये म्हणून त्यांवर जाळीचा तुकडा ठेवावा, एवढे पुरते.

आता आडव्या पडलेल्या रोपांविषयी. ही रोपांची मर आहे. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशीवर्गीय जीवांमुळे खोड मातीच्या रेषेवरच कुजते, आणि दाट पेरणी, कोंडलेली हवा व कायम ओला राहणारा पृष्ठभाग यांमुळे ती झपाट्याने पसरते. गेलेली रोपे वाचत नाहीत, म्हणून त्यांच्यावर काही शिंपडत बसू नये. त्या मातीत पुन्हा रोपे करू नयेत, नवे मिश्रण घ्यावे आणि त्यात पूर्ण कुजलेले खत एक पंचमांशापेक्षा जास्त घालू नये. लहान रोपांना वरून पाणी घालण्याऐवजी कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवावी, वरची माती ओलसर दिसू लागली की उचलून निथळू द्यावी.

रोज सकाळी पाणी घालण्याचा नियमही सोडावा, असे सुचवतो. बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. माती थंड लागली आणि बोटाला चिकटली, तर त्या दिवशी पाणी नको. लेट्यूससाठी एवढी परीक्षा पुरे. रोझमेरीसाठी दोन पेरे खोलवर कोरडे लागेपर्यंत थांबावे. भाजलेल्या मातीची कुंडी भिंतींतूनही पाणी सोडते, म्हणून ती रोझमेरीला द्यावी आणि लेट्यूसला प्लॅस्टिकची, असे मी करतो.

प्रश्नकर्ता : सज्जातली बाग

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद वाचून मी पेटीचा रिकामा कोपरा चमच्याने उकरला, तेव्हा जवळपास बोटाच्या दोन पेरांइतक्या खोलीवर लेट्यूसच्या बिया सापडल्या. काही तशाच कोरड्या-करड्या होत्या आणि दोन-तीन बियांना पांढरा कोंब फुटून तो आडवाच वळला होता. म्हणजे बियाणे ठीक होते. नव्या कुंडीत संध्याकाळी, फ्रिजमधून काढलेले बी वरच्यावर पेरले आणि चौथ्या दिवशी उगवण दिसली. रोझमेरी काढताना मुळांचा खालचा भाग काळपट आणि मऊ लागला; तो कापून ती वाळूमिश्रित मातीत लावली आहे.

आता दोन शंका आहेत. लेट्यूसची पाने कधी आणि कशी काढावीत? आणि कोथिंबिरीवर शेंड्याजवळ हिरवट मावा दिसतो आहे, तर ती फुलावर आलेली रोपे उपटून टाकावीत का?

प्रतिसाद ४ : वाफसा

आधी विरळणी करावी. सुट्या पानांच्या लेट्यूससाठी दोन रोपांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर हवे. मधली रोपे उपटण्याऐवजी कात्रीने मातीलगत कापावीत, म्हणजे शेजाऱ्याची मुळे हलत नाहीत, आणि ती कोवळी पाने तशीच खाता येतात. पुढे पाने हाताच्या बोटांएवढी झाली, की बाहेरची तेवढी तोडावीत आणि मधला कोंब शाबूत ठेवावा. सगळे रोप एकदम कापायचे असल्यास तीन-चार सेंटिमीटरचा बुंधा राखावा. त्यातून पुन्हा फूट येते, जरी दुसरी तोड पहिलीएवढी भरघोस नसते. मधला भाग उंच होऊ लागला आणि तुटलेल्या देठातून पांढरा चीक ठळकपणे येऊ लागला, तर फुलाचा दांडा येतो आहे असे समजावे. त्यानंतर पाने दिवसागणिक कडू होत जातात, तेव्हा उशीर न करता रोप कापून मोकळे व्हावे.

माव्यासाठी औषधाची घाई नको, कारण ही पाने कच्ची खायची आहेत. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा मारावा. फुललेली कोथिंबीर मात्र सगळी उपटू नये. मावा फार झालेले शेंडे खुडावेत आणि दोन-तीन रोपे राहू द्यावीत. तिच्या बारीक पांढऱ्या फुलांवर मधमाशीसारख्या पट्ट्यांच्या, हवेत एकाच जागी तरंगणाऱ्या माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या मावा खातात. पानांवर लहानशी, पाय नसलेली हिरवट अळी सरपटताना दिसली, तर ती चिरडू नका आणि त्या रोपावर फवाराही मारू नका.