मदत हवी आहे: नसबंदीनंतर कामाला कधी लागता येतं? शुक्रवारी शिबिर आहे

गुंजवणीकाठ:
नसबंदी केल्यावर किती दिवस घरी बसावं लागतं? शुक्रवारी तालुक्याला शिबिर आहे, आशाताईंना उद्या नाव कळवायचंय. नेटवर कुठे दोन दिवस लिहिलंय, कुठे महिना. नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा, घाई आहे.

सिंहगडरोड_आई:
टाक्याचं की दुर्बिणीचं? दुर्बिणीचं असेल तर आठवड्यात हिंडायला-फिरायला लागतं माणूस. आधी सिझर झालं असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. मला सासूबाईंनी सव्वा महिना कळशी उचलू दिली नव्हती. वहिनींच्या हाताखाली घरी कुणी आहे ना?

अंजीरवाला_सासवड:
ऑपरेशनच कशाला? सरकारी दवाखान्यात बायकांसाठी दिवस न राहण्याचं अंतरा इंजेक्शन मिळतं, तीन महिन्यांतून एकदा. छाया गोळ्या पण फुकट. आमच्या घरी तेच चालू आहे.

गुंजवणीकाठ:
बायकोचं नाही. माझं आहे.

सिंहगडरोड_आई:
असं होय! मग माझं सगळं सोडून द्या, ते बायकांच्या ऑपरेशनचं होतं.

कसबा_काका:
शिबिराच्या वाटेला जाऊ नका, खाजगीत करा. आणीबाणीतलं 1976-77 मी पाहिलंय. मास्तर, तलाठी सगळ्यांच्या मागे ‘केसेस आणा’ म्हणून लकडा. त्या एका वर्षात देशात सुमारे 62 लाख पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, कित्येकांच्या बळजबरीने. तेव्हापासून गावाकडचा पुरुष हा शब्द ऐकला की पारावरून उठून जातो.

निवृत्त_आरोग्यसेविका:
काका, तेव्हा झालं ते वाईटच. पण हा माणूस आपल्या पायाने निघालाय, त्याला कशाला भीती घालता? आणि तेव्हाची भीती शेवटी कुणाच्या अंगावर आली? 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुषांची 0.3. सोपं ऑपरेशन पुरुषाचं, आणि टेबलावर बाईच.
गुंजवणी दादा, काम काय करता ते सांगा, त्यावरच दिवस ठरतात. मुलं किती, धाकटं केवढं?

गुंजवणीकाठ:
मार्केट यार्डात हमाली, पन्नास किलोची पोती. दोन मुली, धाकटी दीड वर्षाची. दोन्ही सिझर, दुसऱ्या वेळी हिला रक्त चढवावं लागलं. आता तिला परत चिरायचं नाही, माझं ठरलंय. आई म्हणते कमजोरी येईल, पोतं उचलायचं नाही मग खायचं काय. मुकादमाला दिवस सांगितल्याशिवाय बदली माणूस मिळत नाही.

मावळचा_गडी:
दोन्ही मुलीच? थांबा की जरा. एक मुलगा होऊ द्या, घाई काय आहे? नंतर उघडून घेता येत नाही.

सिंहगडरोड_आई:
रक्त चढवलंय लिहिलंय त्यांनी, वाचलंत का? तिसऱ्या सिझरला तुम्ही झोपणार का टेबलावर? त्यांनी मुलगा-मुलगी विचारलेलंच नाही, दिवस विचारलेत.

मावळचा_गडी:
मी आपलं त्यांच्या भल्याचं बोललो ताई.

निवृत्त_आरोग्यसेविका:
उघडून घ्यायचं मनात असेल तर करूच नये, एवढं त्यांचं बरोबर. जोडता येतं, पण मूल होईलच याची खात्री नसते.
दादा, बिनटाक्याची असते. तेवढीच जागा बधिर करतात, पंधरा-वीस मिनिटांत उरकतं, त्याच दिवशी घरी. दोन दिवस पूर्ण आराम, आधाराला घट्ट लंगोट. मग हलकं काम. पोती मात्र आठवडाभर नाही, सायकलही नाही. सूज वाढली, ताप आला, रक्त आलं तर लगेच दाखवा.
आईला सांगा, बीज वाहून नेणारी नळी तेवढी बंद करतात. ताकद देणारं संप्रेरक रक्तातून जातं, त्याला कुणी हात लावत नाही.
आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते: लगेच लागू होत नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून शुक्राणू नाहीत असा रिपोर्ट आला की मोकळे. आमच्याकडे ‘ऑपरेशन फसलं’ म्हणून आलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी हीच तपासणी केलेली नसायची, आणि बोल लागायचा बायकोला.

अंजीरवाला_सासवड:
सहीला बायकोला न्यावं लागतं का? आणि धाकटी 1 एप्रिल 2023 नंतरची असेल, रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर लेक लाडकी या मुलींसाठीच्या सरकारी योजनेचं बघा. पुढच्या हप्त्यांना नसबंदीचा दाखला मागतात, आईचा किंवा वडिलांचा, कुणाचाही चालतो.

निवृत्त_आरोग्यसेविका:
सही फक्त ज्याचं ऑपरेशन त्याची. तरी दोघांनी मिळून ऐकून घेतलेलं बरं. दाखला जपून ठेवा, तो रिपोर्ट आल्यावर मिळतो.

गुंजवणीकाठ:
कार्ड केशरी आहे, बघतो. मुकादमाला आठ दिवस सांगितले, हो म्हणाला. आईला तुमचा मजकूर वाचून दाखवला, गप्प बसली, नाही म्हणाली नाही. आशाताईंना नाव देतोय. तीन महिन्यांनी मी पुण्यातच असणार, तपासणी इकडे चालेल का?

निवृत्त_आरोग्यसेविका:
शुक्रवारी तिथेच विचारा. तारीख आणि ठिकाण कार्डावर लिहून घेतल्याशिवाय उठू नका.