मदत हवी आहे: फोन टॅपिंगचा फक्त आकडा मागितला, तरी 'सुरक्षेचं कारण'. पुढं काय करू?

नमस्कार मंडळी, नागपुरात कोणी आरटीआयचं काम करणारं किंवा हायकोर्टाच्या खंडपीठात प्रॅक्टिस करणारं असेल तर प्लीज सांगा. मी आरटीआयखाली एका सरकारी खात्याला विचारलं की वर्षभरात फोन टॅपिंगचे किती आदेश निघाले आणि आढावा समितीनं त्यातले किती रद्द केले, बस, ना कोणाचं नाव मागितलं ना नंबर. उत्तर एका ओळीचं, 'कलम ८(१)(अ) अन्वये माहिती देता येत नाही', खाली सही-शिक्का. हे माहिती अधिकार कायद्यातलं देशाच्या सुरक्षेचं कलम. नुसत्या आकड्यानं देशाला काय धोका होतो बावा?

पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं टॅपिंगचा आदेश कोणी काढायचा, त्याचा आढावा कोणी घ्यायचा हे ठरवून दिलं, २०१७ मध्ये खाजगीपणा मूलभूत हक्क ठरला, २०१९ मध्ये विनीत कुमार केसमध्ये तर आपल्याच मुंबई हायकोर्टानं टॅपिंगचे आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. पण तिथं आदेश झाल्याचं माणसाला कळलं तरी होतं, ज्याला पत्ताच नाही तो कोर्टात कसा जाणार? म्हणून आकडे महत्त्वाचे वाटतात मला.

आता पहिलं अपील ३० दिवसांत टाकायचंय. त्यात कलम ८(२) चं जनहित (नुकसानापेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते) आणि कलम १० खाली अंशतः माहिती (गोपनीय भाग वगळून बाकीची), दोन्ही मुद्दे एकत्र घ्यावे का? मीडियावन या वृत्तवाहिनीच्या केसमधला सुप्रीम कोर्टाचा २०२३ चा निकाल, 'राष्ट्रीय सुरक्षा' नुसतं म्हणून चालत नाही असं सांगणारा, माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठापुढं कोणी वापरलाय का? अपिलाचा मराठी नमुना असेल तर नक्की पाठवा.