अनुभव धागा : जुन्या डेस्कटॉपचे झटके, तुमच्याकडे काय निघालं?

आमच्याकडे २०१२ च्या दिवाळीत असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी डीडीआर-थ्री रॅम, मध्ये कधीतरी बसवलेली एसएसडी. बाबांचे सोसायटीचे हिशेब त्यावरच. गेले दोन महिने तो बसल्याबसल्या रीस्टार्ट होतो. निळा स्क्रीन नाही की काही नाही. पडदा काळा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दिवसभर व्हिडिओ बघा, कुरकुर नाही. संध्याकाळचे सात वाजले की मात्र भरवसा नाही. आई म्हणते, तिन्हीसांजेला त्याला लागतं.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) दर वेळी कर्नल-पॉवर ४१. म्हणजे मशीन नीट बंद न होता गेलं, एवढंच. का गेलं, ते त्यात नसतं. दुकानवाल्याने झाकण न उघडताच ‘मदरबोर्ड गेला, नवीन घ्या’ सांगून टाकलं. नवीन घ्यायला ना नाही, पण कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुमच्याकडे नेमकं काय निघालं होतं आणि ते कसं सापडलं, तेवढं लिहा.

*

रत्नागिरी. आमच्याकडे जून लागला की मशीन नुसतं बीप बीप करतं, पडद्यावर काही येत नाही. मग रॅम काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसायचे, भुगा ब्रशने झाडायचा आणि ‘खट्’ आवाज येईपर्यंत परत दाबून बसवायची. फुंकर मारू नका, थुंकी उडते. आणि मुलांचा वासाचा रंगीत खोडरबर नको, साधा पांढरा घ्या. खाऱ्या हवेपुढे दुसरा इलाज सापडलेला नाही.

एकदा एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात, पाल निघाली होती. त्या वासाबद्दल लिहीत नाही.

*

माझा छापखाना आहे. लग्नपत्रिकांचं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टला डोंगल (परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही, त्यामुळे एक्सपी आणि २००४ चा बोर्ड गळ्यात. ऐन लग्नसराईत मशीन सकाळी सुरूच होईना. चार-पाच वेळा बटण दाबलं की एकदाचं लागायचं, आणि एकदा तापलं की रात्रीपर्यंत ठणठणीत. थंडीतल्या जुन्या स्कूटरसारखं. मी रॅम बदलली, एसएमपीएस बदलला, विंडोज नव्याने टाकलं. तेही सगळं एकाच रविवारी, त्यामुळे कशाने काय झालं ते मलाच कळेना. झालं काहीच नव्हतं म्हणा.

शेवटी कॅबिनेट आडवं पाडून टॉर्च मारला. प्रोसेसरच्या कडेच्या कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची) डोकी पुरीसारखी फुगलेली, दोघांच्या माथ्यातून तपकिरी चीक आलेला. त्या काळातल्या, म्हणजे साधारण १९९९ ते २००७ मधल्या, कितीतरी कपॅसिटरमधलं इलेक्ट्रोलाइटच सदोष होतं आणि जगभर बोर्ड असेच गेले, हे मागाहून वाचलं. थंड असताना ते नीट काम करत नाहीत, गरम झाले की जरा सुधारतात. सकाळच्या नखऱ्यांचा उलगडा तिथे झाला.

आमच्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी ते बदलून दिले. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ अंशांचे आणि लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले), असं त्यांनी माझ्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं. मशीन अजून चालू आहे. बोर्ड मेला तर धंद्याचं काय, हा प्रश्न मी पुढे ढकलतो.

*

टॉर्चला +१. पण धागाकर्त्यांचा बोर्ड २०१२ चा, त्यावर बहुतेक सॉलिड कपॅसिटर असतील, पुऱ्या दिसायच्या नाहीत. एसएमपीएसच्या आत मात्र अजूनही द्रव इलेक्ट्रोलाइटवालेच असतात. तो स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर तीनशेच्या वर व्होल्ट धरून बसलेला असू शकतो.

*

माझा अनुभव मूर्खपणाचा आहे. ब्राउझरचे टॅब मरायचे, झिप उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची सूचना) यायची. मी विंडोज चार वेळा टाकलं. पाचव्यांदा टाकतानाच फाइल करप्ट म्हणाला, तेव्हा ट्यूब पेटली. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावला. पहिली फेरी स्वच्छ. झोपायला गेलो, सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. रॅमची एकेक स्टिक वेगळी लावून बघितली, दुसरी खराब निघाली.

पण तोवर सहा महिने मी त्याच मशीनवरून फोटोंचा बॅकअप घेत होतो. भाचीच्या बारशाचे बरेचसे फोटो आज अर्ध्यातून खाली करडे आहेत. मशीन सरळ बंद पडलं असतं तर बरं झालं असतं.

*

आमच्याकडे बँकेचं संकेतस्थळ उघडेना, सर्टिफिकेट चुकीचं म्हणे. संगणकाची तारीख बघितली तर १ जानेवारी २०१०. बोर्डावरचं घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल संपला होता. बास, एवढंच.

*

धागाकर्ते, यूपीएस आहे का? असेल तर रीस्टार्टच्या आधी तो टक् करतो का, ऐका. घरगुती यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात. धडधाकट एसएमपीएस आतल्या साठ्यावर पंधरा-सोळा मिलिसेकंद तग धरतो, त्यामुळे ती फट कळतही नाही. कपॅसिटर वाळले की तेवढाही दम राहत नाही. आमच्याकडे फ्रिजचा कंप्रेसर लागला की हे व्हायचं. तुमच्या इमारतीत सातला काय सुरू होतं?

*

धागाकर्ता. यूपीएस आहे. आणि टक् होतं! बाबा म्हणाले, त्यात काय, ते रोजच होतं.

सातला सुरू होतो पाण्याचा पंप. आधी तो पहाटे पाचला लावायचे, तेव्हा आमचं मशीन बंदच असायचं. दोन महिन्यांपूर्वी पाण्याची वेळ बदलली, म्हणून पंप संध्याकाळवर आला. निर्णय सेक्रेटरींचा. सेक्रेटरी म्हणजे बाबा.

रविवारी सकाळी अकराला वॉचमनना खाली उभं करून पंप चालू-बंद करायला लावला. तिसऱ्या वेळी व्होल्टेज पडलं, टक्, आणि मशीन गेलं. मग मित्राचा एसएमपीएस तात्पुरता जोडला, बाकी कशालाही हात लावला नाही. पंप दहा वेळा लावला. तीनदा टक् झालं, मशीन ढिम्म. लॅमिंग्टन रोडवरून साडेचारशे वॉटचा नवीन आणला. आज बारावा दिवस.

*

रत्नागिरी पुन्हा. सेक्रेटरींनी पंप पहाटे ठेवला असता तर फुकटात काम झालं असतं की हो!

*

बिल दाखवल्यावर बाबाही अगदी हेच म्हणाले.